येथील प्रतिष्ठित नागरिक श्री.

चहा कसा झालाय, असं मामांना विचारण्यात काही अर्थ नसे. आमच्या छापखान्यासमोरच्या टपरीवाल्याने तरीही अकरा वर्षं नेटाने विचारलं. सकाळी दहाला मामा बाकावर बसत, बशीत चहा ओतून सावकाश संपवत, आणि टपरीवाला फडक्याला हात पुसत विचारी, "मामा, कसा झाला जी आज?"

मामा म्हणत, "गरम हाये."

हिवाळ्यात कधीकधी "गरम होता" असंही म्हणत. पण याच्या पुढे मजल गेली नाही. एकदा त्या बिचाऱ्याने इरेला पेटून आलं-वेलदोडा घालून नुसत्या दुधाचा चहा केला. मामांनी शेवटच्या घोटापर्यंत प्यायला, बशी पालथी घातली आणि म्हणाले, "आलं हाये यात." टपरीवाल्याने कपाळाला हात लावला. मला म्हणाला, "भाऊ, या मानसाच्या तोंडून एक 'चांगला' काढून दाखवा. वर्सभर फुकट च्या पाजतो तुमाले."

मामा कोणाचे मामा होते ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. अख्खा छापखाना त्यांना मामा म्हणे. मालक-संपादकही म्हणत, आणि मालक तर त्यांच्याहून चार वर्षांनी मोठे. मी बी. ए. झालो आणि अमरावतीच्या त्या साप्ताहिकात उपसंपादक म्हणून चिकटलो, तेव्हा मामा तिथे मुद्रितं तपासत असत. पन्नाशी उलटलेली, उंची बेताची, कानामागे तांबडी पेन्सिल आणि अंगात काळा कोट. हा कोट वैशाखातही उतरत नसे. अमरावतीचा वैशाख ज्याने भोगलाय त्याला याहून जास्त सांगायची गरज नाही.

मी बडनेऱ्याहून सायकलने येई. माझ्या पहिल्याच बातमीत मी "उन्हाचा भयंकर तडाखा" असं लिहिलं होतं. मामांनी "भयंकर" खोडला, मग "तडाखा" खोडला, आणि उरलेल्या "उन्हाचा"कडे जरा वेळ पाहून तोही खोडला. मी विचारलं, "काहून जी?"

"मे महिना हाये. वाचनाराच्या अंगातून घाम निथळून राहिला. तू त्याले काय सांगून राहिला?"

विशेषणांशी त्यांचं असं हाडवैर होतं. "विशेषन म्हन्जे पाहुना," ते म्हणत. "न बोलावता आला तं उंबऱ्यातूनच वापस लावाव." आमचा चांदूर बाजारचा वार्ताहर दर सभेला "प्रचंड जनसमुदाय" जमवायचा. मामांनी त्याला एक कार्ड टाकलं: सभेच्या दिवशी बाजार होता काय? वार्ताहराने प्रामाणिकपणे उलट टपाली कळवलं की होता. अंकात बातमी आली, "चांदूर बाजार येथे बाजाराच्या दिवशी सभा झाली." पुढारी चिडले, वार्ताहर चिडला, मालकांनी दोन दिवस मामांशी अबोला धरला. मामांना अबोल्याचा काही त्रास होत नसे.

मुद्रितावरच्या खुणा मला त्यांनीच शिकवल्या. अक्षर उलटं पडलं तर काय करायचं, दोन शब्द चिकटले तर कुठे रेघ मारायची. एखादा शब्द खोडला आणि मागाहून वाटलं की उगाच खोडला, तर त्याच्याखाली टिंबं द्यायची. जुळारी, म्हणजे शिशाची अक्षरं एकेक करून जुळवणारा माणूस, ती टिंबं पाहून समजतो की शब्द राहू द्यायचा आहे.

"पन हे खून नुसती शिकून ठेव," मामा म्हणाले. "वापरू नको. इचार खोडाच्या आधी कराव. खोडून मंग टिंबं देनं म्हन्जे थुकून चाटनं."

आमचे म्हातारे जुळारी गुलाबराव शपथेवर सांगत की मामांच्या मुद्रितावर त्यांनी आजवर एक टिंब पाहिलं नाही.

आता त्या कोटाविषयी. शिशाची अक्षरं जुळवणं हे वेळखाऊ काम. जे शब्द दर अंकाला लागतात ते जुळारी एकदाच जुळवून, सुतळीने बांधून बाजूला ठेवून देत, म्हणजे गरज पडली की गठ्ठा उचलायचा आणि बसवायचा. "येथील प्रतिष्ठित नागरिक श्री." ही अशीच एक बांधलेली ओळ. आमच्या साप्ताहिकाचं पान या ओळीवाचून हलत नसे. उद्घाटन असो, सत्कार असो, कोणाच्या घरची मुंज असो, गुलाबराव ओळ उचलत आणि पुढे नुसतं नाव जुळवत. मामा आले आणि पहिल्याच महिन्यात त्यांनी ती ओळ कोटाच्या आतल्या खिशात टाकली. ज्याला हवी त्याने मागून घ्यायची. म्हणून कोट उतरत नसे. शिशाच्या वजनाने तो डावीकडे कायमचा लोंबलेला होता.

"मामा, ओळ द्या," गुलाबराव म्हणत.

"कोनासाठी?"

गुलाबराव नाव सांगत.

"पुरावा?"

पुरावा म्हणजे त्या माणसाने काय केलं ते एका वाक्यात सांगायचं. गुलाबराव म्हणत, "मालकायनं सांगतलं हाये." मग मामा ओळ देत, नोकरी होती शेवटी. पण देताना त्यांचा चेहरा दाढ काढल्यासारखा होई.

खोलीच्या कोपऱ्यात त्यांची वही असे. रद्दीवाल्याकडून जुनी वर्तमानपत्रं आणायची, "प्रतिष्ठित" दिसला की कापायचा, खळीने वहीत चिकटवायचा आणि शेजारी तांबड्या पेन्सिलीने लिहायचं की हा गृहस्थ कोण. अमरावती, अकोला, यवतमाळ, कुठलंही वर्तमानपत्र चाले. पंचवीसेक वर्षांचे प्रतिष्ठित तिथे ओळीने नांदत होते. मामांचं म्हणणं असं की, इंग्रज होता तोवर या शब्दाला फारसं काम नव्हतं, कारण रावसाहेब आणि रावबहादूर होते. इंग्रज गेला, पदव्या गेल्या, आणि नावामागची जागा रिकामी राहिली. तिथे हा येऊन बसला. वार्ताहराला नुसता चहा मिळाला तर पाहुणे "मान्यवर" होतात, जेवण मिळालं तर "प्रतिष्ठित". बायकांना हा शब्द मिळत नाही. त्या फार तर "प्रतिष्ठित घराण्यातील" असतात, म्हणजे मान घराचा. आणि सगळ्यात मजा पोलिसांच्या बातम्यांत. गरिबाला धरलं तर तो "एक इसम", पण नाव-पत्ता सगळा छापतात. श्रीमंताला धरलं तर "एका प्रतिष्ठित कुटुंबातील तरुण", आणि नाव गुल!

"एरवी हा शब्द नावाच्या पुढं मशाल घेऊन चालते," मामा वही मिटत म्हणाले, "आन लफडं झालं का तोच नावावर घोंगडं टाकते."

मला हे सगळं ऐकायला फार आवडे. आवडे म्हणजे काय, मी आमच्या वस्तीत जाऊन मामांच्या नकला करून दाखवी. पण एक दिवस माझंच डोकं फिरलं.

बडनेऱ्याला आमच्या वस्तीत वाचनालय निघालं. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो, त्यानंतर चारपाच वर्षं पोरं रविवारी पै-पै गोळा करत होती. एक खोली, दोन कपाटं, एक कंदील. उद्घाटनाला माझ्या बापाने आभार मानले. बाप रेल्वेत पॉइंट्समन. जन्मात पहिल्यांदा चारचौघांत उभा राहून बोलला, आणि नीट बोलला. मी बातमी लिहिली आणि बापाच्या नावामागे लिहिलं, "येथील प्रतिष्ठित नागरिक श्री."

गुलाबराव मामांकडे गेले. "ओळ द्या. बडनेऱ्याच्या बातमीले."

"कोनासाठी?"

मीच उठलो. "माह्या बापासाठी."

मामांनी सवयीने विचारलं, "पुरावा?"

मी तापलो. "मालक सांगते तवा शेटजीसाठी देता का नाही? वकिलासाठी देता का नाही? तुमच्या वहीत पंचवीस वर्सांचे लोकं हाये, त्यात हातानं काम करनारा एक मानूस दाखवा मले! आमची पाळी आली का बरा पुरावा आठवते तुमाले!"

पलीकडे छपाईचं यंत्र चालू होतं, तेही कोणीतरी थांबवलं. नोकरी गेली असं मी मनात धरूनच टाकलं. मामांनी चष्मा काढला, कोटाच्या बाहीने पुसला, परत घातला.

"बस," ते म्हणाले. "तुहा बाप काय करते?"

"पाइंटमन हाये. रूळ बदलते."

"किती वर्सं?"

"बावीस."

"कधी गाडी चुकीच्या रुळावर गेली?"

"एकई नाही."

"मंग हे लिह ना बाप्पा! हे सोडून विशेषन काहून लिहून राहिला?"

बातमी अशी आली: "बावीस वर्षांत ज्यांच्या हातून एकही गाडी चुकीच्या रुळावर गेली नाही, त्या श्री. अमुक यांनी आभार मानले." बापाने ती माझ्याकडून तीनदा वाचून घेतली. चौथ्यांदा स्टेशनमास्तरांकडून वाचून घेतली. पुढे वीस वर्षं ते कात्रण त्याच्या टिनाच्या पेटीत होतं, आणि पेटीला कुलूप होतं.

पण त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर मामांनी मला थांबवून घेतलं. "तू बोलला ते बरोबर हाये," ते म्हणाले. "पन वहीत हातानं काम करनारा एक हाये." वहीच्या पुठ्ठ्याला आतून खिसा होता. त्यातून त्यांनी दोन पिवळी कात्रणं काढून माझ्यापुढे ठेवली.

पहिलं कात्रण अकोल्याच्या एका साप्ताहिकाचं होतं, जे तोवर बंद पडलेलं होतं. मामा पूर्वी तिथे उपसंपादक होते. शेतकी प्रदर्शनाची बातमी. वांग्यांचं पहिलं बक्षीस "येथील प्रतिष्ठित नागरिक श्री. सोनाजी माळी" यांना. हे सोनाजी मोर्णेच्या काठी वाडीत भाजीपाला काढत आणि जुन्या शहरात विकत. झालं होतं असं की, तिथल्या जुळाऱ्याकडे बांधलेल्या ओळी तीन आणि त्या आठवड्याचे प्रतिष्ठित तिघं: एक वकील, एक डॉक्टर, एक जिनिंगवाले शेटजी. जुळाऱ्याने घाईत, हाताच्या सवयीने, तिसरा गठ्ठा सोनाजींच्या नावामागे बसवला. शेटजींच्या वेळी ओळ उरली नाही. ते नुसतेच "उपस्थित" राहिले.

दुसऱ्या दिवशी शेटजी कचेरीत हजर. "वांगे विकनारा प्रतिष्ठित, आन आमी नुसते उपस्थित?"

शेटजींच्या सरकीची जाहिरात दर आठवड्याला पाव पान असे. संपादकांनी मामांना सांगितलं, दोन ओळींची दुरुस्ती टाका. ती दुरुस्ती म्हणजे दुसरं कात्रण. मी वाचलं:

"चूकभूल. गेल्या अंकात शेटजींच्या नावामागील 'प्रतिष्ठित' हे विशेषण अनवधानाने राहून गेले. तसेच श्री. सोनाजी माळी यांच्या नावामागे ते नजरचुकीने पडले. वाचकांनी दुरुस्त करून वाचावे."

"पयलं वाक्य संपादकायनं सांगतलं होतं," मामा म्हणाले. "दुसरं कोनीच सांगतलं नव्हतं. ते माहं. मले वाटलं, दुरुस्तीच करून राहिलो तं पुरी करू. काय भाषा साधली म्हून मी खुश होतो त्या दिवशी. चार दिवसानं ध्यानात आलं, का आपन एका मानसाले चौकात उभं करून त्याच्या डोक्यावरचा फेटा काढून घेतला."

सहा महिन्यांनी मामांनी ते साप्ताहिक सोडलं. अकोला इथून फार लांब नाही, पण ते पुन्हा तिकडे फिरकले नाहीत. मला आता ती ओळ, तो कोट, तो "पुरावा?" सगळंच उलगडलं. मला त्यांचा रागही आला आणि त्यांच्या गळ्यात हात टाकावा असंही वाटलं. टाकला नाही. मामा ते सहन करणारे नव्हते.

त्यांना ते दुसरं वाक्य परत घ्यायचं होतं. मालकांकडे त्यांनी तीनदा अर्ज केला होता, की आपल्या अंकात चार ओळी छापू द्या. मालक म्हणाले, "मामा, बंद पडलेल्या पेपराची दुरुस्ती आपन काहून दुरुस्त कराची? लोकं येड्यात काढन आपल्याले." आणि मामांना स्वतःलाही एक भीती होती. "समज त्यानं ते वाचलंच नसन तं? तो बापडा अजून खुशीत असन. मी माफी छापाची, आन त्याले त्याच्यातूनच कळाचं, का आपलं काढून घेतलं होतं."

"मंग जाऊन पाहू," मी म्हणालो.

हे म्हणायला एक क्षण लागला आणि जायला एक वर्ष. उन्हाळ्यात मामा म्हणाले ऊन उतरू दे. पावसाळ्यात म्हणाले गुडघा दुखते. दिवाळीनंतर म्हणाले अकोल्याचं पाणी मला मानवत नाही. शेवटी पौषात एका रविवारी मी त्यांच्या दारात उभा राहिलो आणि म्हणालो, "एस. टी.त दोन जागा धरल्या. पानी इथूनच घ्या." त्यांनी खरंच तांब्या भरून घेतला.

मोर्णा ओलांडून आम्ही जुन्या शहरात शिरलो तेव्हा दहा वाजले होते. गल्लीच्या तोंडाशी पानाचं दुकान होतं. मी विचारलं, "सोनाजी माळी कुठं राह्यते जी?"

पानवाला चुना लावता लावता म्हणाला, "कोन्ते सोनाजी? प्रतिष्ठित सोनाजी?"

मामांनी दुकानाची फळी धरली.

"हो, तेच," मी म्हणालो.

"मंग तसं इचारा ना. या गल्लीत सोनाजी तीन हाये, प्रतिष्ठित एकच हाये. सरळ जा. जिथं भांडन ऐकू येईन ते घर."

भांडण खरंच ऐकू आलं. अंगणात दोघं शेजारी शेवग्याच्या झाडावरून हमरीतुमरीवर आले होते. झाड एकाचं, शेंगा भिंतीवरून दुसऱ्याकडे लोंबलेल्या. मध्ये खाटेवर साठीचा, बारीक अंगाचा, पांढऱ्या मिशांचा माणूस कांद्याची पात निवडत बसला होता. तेच सोनाजी. दोघांचं ओरडून होईपर्यंत त्यांनी अख्खी जुडी निवडली.

"झालं का?" ते म्हणाले. "शेंगा ज्याच्या आंगनात लोंबते त्याच्या. पन झाडाले पानी दोघायनंई टाकाव. आन भांडाचं असन तं सकाळी या, दुपारी मले वाडीत जा लागते."

दोघं गेले, आणि जाताना एकाने दुसऱ्याला तंबाखू दिली.

आम्ही अमरावतीहून आलोय म्हटल्यावर सोनाजींनी आम्हाला खाटेवर बसवलं. त्यांच्या बायकोने पाणी आणलं. मामांनी आपला तांब्या मागे सरकवला आणि ते पाणी प्यायले. दारावर काचेची फ्रेम होती. देवाच्या तसबिरीशेजारी, तेवढ्याच मानाने. आत ते पहिलं कात्रण.

मामा फ्रेमकडे पाहत होते आणि पौषाच्या गारठ्यात त्यांना घाम फुटला होता. मी म्हटलं, आता हे उठतील आणि निघून जातील. मीही मनातून तेच म्हणत होतो की उठा, चला, कशाला या माणसाच्या घरात काडी टाकायची. पण मामा उभे राहिले ते हात जोडून.

"सोनाजीभाऊ, मी त्या पेपरात होतो. त्याच्या पुढच्या आठवड्यात एक चूकभूल आली होती..."

सोनाजींनी पात बाजूला ठेवली, उठून दारावरची फ्रेम काढली आणि आमच्यासमोर उलटी धरली.

मागच्या पुठ्ठ्यावर चूकभूल चिकटवलेली होती. चारी कोपरे नीट, खळ कुठे बाहेर आलेली नाही.

"ते तुमी लिहिली होती का?" सोनाजी म्हणाले.

मामांनी मान डोलावली.

"मी पुढचाई अंक घेतला होता जी. म्हटलं नाव अजून एखाद्या बारीनं येते का काय. पोरीनं वाचून दाखवलं. खोटं काहून सांगू, त्या दिवशी जेवलो नाही मी. बाजारात टोपलं घेऊन बसलो, पन मान वर होये ना. वाटे, सारे मलेच दुरुस्त करून पाहून राहिले." ते थोडं थांबले आणि मिशीतल्या मिशीत हसले. "तिसऱ्या दिवशी पलीकडच्या आळीतले दोघं भाऊ आले. बांधाचं भांडन. म्हने, तुमी प्रतिष्ठित हाये, तुमीच सांगा. मी सांगतलं, बाप्पा हो, पेपरवाल्यायनं ते वापस घेतलं. तं ते म्हने, पेपरवाल्यायनं घेतलं असन, आमी कुठं घेतलं? बोला, बांध कुठून टाकाचा?"

"मंग?"

"मंग सांगतला बांध. तवापासून लागलंच हे मांगं. आता प्रतिष्ठित म्हनल्यावर लबाडी करता येत नाही ना जी. आधी मापात एखांदं किडकं वांगं जाये. आता तेई बंद झालं. लय नुसकान केलं तुमी माहं!"

सोनाजी खदखदून हसले, त्यांची बायको आतून हसली, मीही हसलो. मामा हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "मांगं काहून लावली ते?"

"समोरचं पाहून छाती फुगली का फ्रेम उलटी करून पाह्यतो. बसते खाली."

मामांनी कोटाच्या खिशातून कागद काढला. त्यांनी मजकूर तयार करून आणला होता: ती चूकभूल हीच चूक होती, असा. म्हणाले, मालक नाही म्हणोत, मी पदरचं घालून पत्रक छापतो. सोनाजींनी ऐकून घेतलं आणि फ्रेम दोन्ही बाजूंनी फिरवून पाहिली.

"पन तिसरं कुठं लावू जी? फ्रेमीले दोनच बाजू असते."

मामांनी कागद घडी करून खिशात टाकला. मग म्हणाले, "एक मिनिट द्या ते." मागचे चार खिळे त्यांनी माझ्या खिशातल्या सायकलच्या किल्लीने उचकले, काच बाजूला केली, कानामागची तांबडी पेन्सिल काढली. समोरच्या कात्रणातल्या "प्रतिष्ठित"खाली त्यांनी टिंबं दिली. एक, दोन, तीन, चार. मोजून सात.

"हे कायचे टिपके?" सोनाजींच्या बायकोने पुढे होऊन विचारलं.

"आमच्या धंद्यात," मामा म्हणाले, "चुकीनं खोडलेल्या शब्दाखाली देते. म्हन्जे, राहू द्या."

तिने बोटाने टिंबं मोजली. मग म्हणाली, "एवढ्या टिपक्यायले तेरा वर्सं लागले का जी?"

मामा तेव्हा हसले. एवढं मोठं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पुढचा एक दात नाही हे मला त्या दिवशी कळलं. आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. गोवऱ्यांवर भाजलेल्या वांग्याचं भरीत, वर ती कांद्याची पात, ज्वारीची भाकर. मामांनी पहिला घास घेतला आणि थांबले. मला वाटलं म्हणतील, वांगं हाये यात. त्यांनी घास गिळला, बाईंकडे पाहिलं आणि स्वच्छ म्हणाले, "उत्तम झालं हाये."

माझ्या हातातली भाकर ताटात पडली.

टपरीवाल्याला मी दुसऱ्या दिवशीच गाठलं. त्याने पैज मानली नाही. म्हणाला, "भरताले म्हनलं ना, च्याले कुठं म्हनलं?" त्याच सोमवारी मामांनी खिशातली ओळ काढली, सुतळी सोडली आणि एकेक खिळा, म्हणजे शिशाचं एकेक अक्षर, आपापल्या खणात टाकला. यापुढे ज्याला प्रतिष्ठित हवा, त्याच्यासाठी गुलाबरावांनी अक्षर अक्षर जुळवायचं. दर अंकातले प्रतिष्ठित निम्म्यावर आले. त्या वैशाखात मामांनी कोट घातला नाही.

वही आता माझ्याकडे आहे. मामांनी निवृत्त होताना दिली. वर म्हणाले, खळ चांगली वापर. शेवटच्या पानावर कात्रण नाही. तांबड्या पेन्सिलीने फक्त दोन नोंदी आहेत.

"श्री. सोनाजी माळी, जुने शहर, अकोला. प्रतिष्ठित. पुरावा: आपली चूकभूल स्वतः जपून ठेवतो.

त्यांच्या घरचे भरीत. उत्तम. पुरावा: दोनदा मागून घेतले."